जर्मनच्या पेपरात थोडं युरेनियमही येऊ द्या

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या जर्मन अभ्यासमंडळांचे माननीय अध्यक्ष आणि सदस्य यांस,



मागणी आधी सांगते, कारणं मागून. पदविका आणि पदवीच्या जर्मन अभ्यासक्रमात एक पेपर असा हवा, ज्यात विद्यार्थी शास्त्रज्ञांनी, गणितज्ञांनी, डॉक्टरांनी आपापल्या काळात जर्मनमध्ये लिहिलेले मूळ उतारे वाचतील. त्यांच्याविषयी नंतर कुणी बेतलेले सोपे परिच्छेद नकोत. आणि हा पेपर ऐच्छिक विषयांच्या यादीत तळाला ढकलू नये, कारण तिथे गेलेला विषय कोणी घेत नाही हे आपण सगळे जाणतो.

आज आपल्याकडे जर्मनचे दोन वर्ग भरतात आणि त्यांची एकमेकांशी ओळखदेख नाही. एका वर्गात इंजिनिअर, नर्सिंगची मुलंमुली, आयटीआय केलेले तरुण. राज्य सरकारने 2024 साली बाडेन-व्युर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून 'बी-वन झालं का?' हा प्रश्न तालुक्याच्या गावीही कानावर येतो. या वर्गाच्या पुस्तकात घर भाड्याने घेणं असतं, डॉक्टरची वेळ मागणं असतं, कचऱ्याचे वेगवेगळे डबे असतात आणि गाडी चुकल्याबद्दल साहेबाला लिहायची मेल असते. उपयोगाचं आहे, मी स्वतः ते शिकवते. दुसरा वर्ग बी.ए., एम.ए.चा. तिथे ग्यॉटे, शिलर, हाइने, काफ्का, ब्रेख्त. पहिल्या वर्गाला जर्मन माणूस कचरा वेगळा करण्यापलीकडे कधी काही विचार करत होता याचा पत्ता लागत नाही. दुसऱ्या वर्गाला ग्यॉटे कळतो, पण आपल्या कवितांपेक्षा आपल्या रंगशास्त्राचा त्याला जास्त अभिमान होता, हे परीक्षेपुरतं एका ओळीत उरकतं. ते रंगशास्त्र 1810 साली छापून आलं, त्यात न्यूटनशी भांडण आहे, आणि भौतिकशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर त्या भांडणात ग्यॉटे चुकला. इतका मोठा लेखक इतक्या हट्टाने का चुकतो, हा प्रश्न साहित्याच्या वर्गाला विचारण्याजोगा नाही का?

हे सगळं हवेत राहू नये म्हणून एक उतारा जवळून दाखवते.

6 जानेवारी 1939 च्या 'डी नाटूरविसनशाफ्टन' या साप्ताहिकात ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान या दोन रसायनशास्त्रज्ञांचा लेख आला. बर्लिनच्या डालेम उपनगरातल्या कैसर विल्हेल्म रसायन संस्थेत ते युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा करत होते आणि त्यातून रेडियम तयार होतंय अशी त्यांची समजूत होती. ते इतकं सूक्ष्म की हाताला लागावं म्हणून सोबत बेरियम घालायचं, कारण रासायनिक गुणांनी दोन्ही अगदी जवळची, द्रावणातून एकत्र बाहेर येतात. मग पुन्हा पुन्हा स्फटिक पाडून रेडियम बेरियमपासून वेगळं काढायचं. ते वेगळं होईना. खऱ्या रेडियमवर तीच कृती करून पाहिली, तर ते बिनतक्रार वेगळं झालं. म्हणजे इतके दिवस ज्याला रेडियम म्हणत होते ते बेरियमच होतं. क्रमांक 92 च्या मूलद्रव्यातून क्रमांक 56 चं मूलद्रव्य निघालं होतं. अणुकेंद्र फुटलं होतं, आणि असं काही होऊ शकतं हे तोवरचं भौतिकशास्त्र मानत नव्हतं.

आता व्याकरणाकडे या. लेखाच्या शेवटाकडे दोघे लिहितात, की रसायनशास्त्रज्ञ म्हणून आम्ही खरं तर तक्त्यातली नावं बदलायला हवीत. पण भौतिकशास्त्राच्या शेजारी वावरणारे म्हणून ती उडी घ्यायला आमचं मन अजून होत नाही. पहिलं वाक्य कोनयुंक्टिव्ह टूमध्ये आहे, दुसरं साध्या वर्तमानकाळात. आपण कोनयुंक्टिव्ह टू शिकवतो कसा? 'मला लॉटरी लागली असती तर मी जग फिरले असते.' वर्षानुवर्षं हेच वाक्य. साहजिकच विद्यार्थ्याची समजूत होते की हे रूप मनोराज्यं करण्यासाठी असतं. हान-श्ट्रासमानच्या लेखात तेच रूप वेगळं काम करतं: पुरावा टेबलावर आहे, निष्कर्ष समोर उभा आहे आणि लिहिणारे दोघे पाऊल उचलताना थांबले आहेत. त्या एका क्रियापदात विसाव्या शतकातला एक फार मोठा शोध अडून बसला आहे. हे ज्याला वर्गात दिसलं त्याला कोनयुंक्टिव्ह टूचा तक्ता पाठ करायला सांगावं लागत नाही.

पण ते वाक्य समजायला बेरियम म्हणजे काय हे कळावं लागतं. बी.ए.च्या वर्गातली मुलं इथे बिचकतात आणि इंजिनिअर मुलं पहिल्यांदा हात वर करतात. माझ्या वर्गात मी हे पाहिलंय. एरवी 'मला भाषा जमत नाही' म्हणून मागच्या बाकावर बसणारा केमिकल इंजिनिअर त्या दिवशी फळ्यापाशी येऊन आवर्तसारणीचा कोपरा काढून दाखवतो, तोही मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, कारण त्या वेळी सांगण्यासारखं काहीतरी त्याच्याकडेच असतं. मग साहित्याच्या विद्यार्थिनीची पाळी येते. ती विचारते: या लेखावर कुणाचं नाव नाही?

लीझे माइटनर हिचं. हानबरोबर तीस वर्षं काम केलेली ही भौतिकशास्त्रज्ञ, हे प्रयोग सुरू करण्यात तिचा पुढाकार होता. जन्माने ज्यू. ऑस्ट्रिया हिटलरने गिळंकृत केल्यावर तिच्या ऑस्ट्रियन पासपोर्टचं कवच गेलं आणि जुलै 1938 मध्ये ती हॉलंडची सीमा ओलांडून निसटली, पुढे स्वीडनला पोचली. 19 डिसेंबरला हान प्रयोगशाळेतून तिला पत्र लिहितो: बेरियमसारखं वागतंय, तुला काही विलक्षण खुलासा सुचतो का बघ. हे पत्र आणि छापील लेख यांच्यात फक्त काही दिवसांचं अंतर आहे. विषय तोच, माणूस तोच. पत्रात एकेरी संबोधन, घाई, गोंधळ, मैत्री. लेखात सावध, तोलून ठेवलेली वाक्यं. औपचारिक आणि अनौपचारिक भाषेतला फरक शिकवायला आपण मित्राला वाढदिवसाचं निमंत्रण आणि घरमालकाला तक्रारीचं पत्र लिहायला लावतो. त्यापेक्षा ही जोडी वाचायला द्या. शोधाचा भौतिक अर्थ माइटनर आणि तिचा भाचा ओटो फ्रिश यांनी नाताळच्या सुट्टीत लावला आणि फेब्रुवारी 1939 मध्ये 'नेचर'मध्ये छापला, इंग्रजीत. 1944 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या हानला मिळालं. यातलं विज्ञान कुठे संपतं आणि इतिहास कुठे सुरू होतो, हे मला सांगता येणार नाही. अभ्यासमंडळाने ठरवून दाखवावं.

त्याच डालेममध्ये, तिथून जवळच, मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था होती. तिथे 1920 च्या दशकाच्या अखेरीस पुण्याहून गेलेली एक मुलगी पीएच.डी. करत होती. इरावती कर्वे. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून त्या आपल्याला पाठ आहेत, पण त्यांचं पीएच.डी.चं संशोधन जर्मनमध्ये आहे. मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेवरचा प्रबंध, 1931 साली जर्मनीत छापलेला. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते, पुढे नाझी राजवटीला शास्त्राचा मुलामा पुरवणाऱ्यांतले. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची ठेवण वेगळी निघेल, अशी अपेक्षा होती. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि तसं काही आढळत नाही असं लिहिलं. परक्या भाषेत, त्याच संस्थेत, त्याच माणसाच्या हाताखाली.

विद्यार्थिनीने आपल्या प्राध्यापकाचं म्हणणं आकड्यांनी उभं राहत नाही हे जर्मनमध्ये कसं मांडायचं? कर्मणी कुठे, 'दिसते' कुठे, 'सिद्ध होते' कुठे? आपल्याकडच्या प्रत्येक एम.ए.च्या विद्यार्थ्याला हा प्रश्न आपल्या स्वतःच्या प्रबंधासाठी सुद्धा उपयोगी आहे (आणि कदाचित थोडा धोक्याचाही). दुसरा प्रश्न अवघड. कवट्या 'मोजल्या गेल्या', हे कर्मणी. पण त्या होत्या कुणाच्या? त्या काळच्या जर्मन संग्रहांत आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या कवट्या असत. कर्मणी प्रयोग शिकवताना 'कर्ता गाळता येतो' असं आपण सांगतो. तो कुणाच्या सोयीसाठी गाळला जातो, हेही त्याच तासाला सांगता येईल. ज्या गावात इरावतीबाईंनी आयुष्यभर काम केलं तिथे जर्मन शिकणाऱ्याला त्यांचं जर्मन कधीच भेटू नये, हे मला तरी पटत नाही.

'हे सगळं वरच्या वर्गांना ठीक, ए-टूच्या मुलांचं काय?' असा प्रश्न येणारच. त्यांच्यासाठी आदाम रीस आहे. 1522 साली एरफुर्टमध्ये छापलेलं त्याचं अंकगणिताचं पुस्तक व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या पोरांसाठी होतं, लॅटिनमध्ये नव्हे तर जर्मनमध्ये. हिशेब बरोबर आहे असं ठासून सांगायचं तर जर्मन माणूस आजही त्याचं नाव घेतो. पुस्तकात हिशेबाच्या दोन रीती आहेत: रेघा आखलेल्या पाटावर चकत्या सरकवून, आणि लेखणीने अंक मांडून. हे अंक भारतातून अरबांमार्फत गेलेले. त्यातली त्रैराशिकाची रीतही तशीच फिरत फिरत तिथे पोचलेली, आपल्याकडे ती 'लीलावती'त आहे. म्हणजे चौथी-पाचवीला त्रैराशिक घोकलेल्या मराठी मुलाला या जर्मन पानावरचं गणित आधीच येतं, फक्त भाषा यायची असते. नवशिक्याला यापेक्षा चांगला उतारा कुठे मिळणार?

रीस पुढे आनाबेर्ग या चांदीच्या खाणींच्या गावात राहिला. तिथे त्याने पावाच्या वजनाचे तक्ते तयार केले. तेव्हा पावाची किंमत ठरलेली असे, वजन बदले. धान्य महागलं की त्याच नाण्यात पाव लहान मिळायचा. किती लहान, हे बेकरीवाल्याने ठरवू नये म्हणून तक्ता. हे व्यस्त त्रैराशिक, 'जितकं-तितकं'ची जर्मन रचना, संख्या, वजनमापं आणि तुलनेची रूपं एका तासात बसतात. शिवाय खाणमजुराच्या ताटाचा प्रश्न आपोआप निघतो. 1525 च्या शेतकऱ्यांच्या उठावाला तेव्हा फार वर्षं लोटली नव्हती. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्याचं वजन वर्षागणिक कसं उतरलं, हे वर्गातलं कुणीतरी बोलतंच.

नर्सिंगवाल्यांसाठी फिर्शो. 1848 च्या फेब्रुवारीत प्रशियाच्या सरकारने सव्वीस वर्षांच्या डॉक्टर रुडोल्फ फिर्शोला अप्पर सायलेशियात टायफसची साथ तपासायला पाठवलं. तिथून परतल्यावर त्याने जो अहवाल लिहिला, त्याची सुरुवात रोगाने होत नाही. जमीन, हवामान, शाळा, चर्च, जमीनदार, लोकांचं खाणं, आणि मग शवविच्छेदनं. शेवटी औषध म्हणून तो शिक्षण, लोकांच्या हाती कारभार आणि पोलिश भाषेला मान्यता मागतो. कारण लोक पोलिश बोलत होते आणि शाळा-कचेरीतला, दवाखान्यातला साहेब जर्मन. सरकारने डॉक्टरकडे साथीचं कारण विचारलं होतं, त्याने सरकारलाच कारण ठरवलं.

जर्मनीत जाणारी आपली मुलगी उद्या अशाच वॉर्डात उभी असेल, जिथे तिची आणि रुग्णाची भाषा एक नाही. फक्त या खेपेला परकी ती असेल. पाळी बदलताना तिला नोंद लिहायची असते: रुग्ण काय म्हणाला, मी काय पाहिलं, त्यावरून काय वाटतं. या तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या तर रुग्णाला धोका. फिर्शोचा अहवाल या तिन्ही गोष्टी एकाच पानावर करताना दाखवतो, आणि काही ठिकाणी त्याचं चुकतानाही दाखवतो. गावकऱ्यांच्या आळसाविषयी, अस्वच्छतेविषयी तो जे लिहितो त्यात बर्लिनच्या बाबूचं नाक मुरडणं स्पष्ट आहे. निरीक्षण कुठे संपलं आणि पूर्वग्रह कुठे सुरू झाला, तिथे पेन्सिलीने रेघ मारायला सांगा. बी-टूच्या कुठल्याही वाचन-परीक्षेपेक्षा हे कठीण आहे आणि जास्त कामाचं.

आणखी उतारे किती तरी आहेत. मारिया सिबिला मेरियानचं 1679 चं सुरवंटांवरचं जर्मन पुस्तक आहे. किडे चिखलातून आपोआप जन्मतात असं अनेक जण मानत होते त्या काळात तिने घरी सुरवंट पाळून अंड्यापासून फुलपाखरापर्यंतच्या अवस्था, ज्या झाडावर ते जगतात त्या झाडासकट, चितारल्या. आलेक्झांडर फोन हुम्बोल्टची 1827-28 ची बर्लिनमधली व्याख्यानं आहेत. ती सर्वांना खुली होती, विद्यापीठात प्रवेश नसलेल्या बायकाही ऐकायला जात, आणि श्रोत्यांनी उतरवून घेतलेल्या वह्या आज उपलब्ध आहेत. प्लेगवरचा अहवाल आहे: 1897 साली जर्मन सरकारने मुंबईला प्लेग-आयोग पाठवला, रॉबर्ट कॉखही आले होते, आणि अहवाल 1899 मध्ये बर्लिनहून निघाला. आयोग आला त्याच 1897 साली पुण्यात रँडचा खून झाला, टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. प्लेगची गोष्ट आपण इंग्रजांच्या आणि आपल्या कागदांतून वाचतो. तिसऱ्याच कुणी, सूक्ष्मदर्शक घेऊन आलेल्याने तेच शहर कसं पाहिलं, हे वाचायला मुंबईच्या विद्यार्थ्याने जर्मन शिकायला हरकत नाही.

टिळकांवरून आठवलं. 1893 साली टिळकांचं 'ओरायन' निघालं आणि त्याच वर्षी बॉनच्या हेर्मान याकोबींचा ऋग्वेदाच्या काळावरचा जर्मन निबंध. दोघांनी एकमेकांना नकळत संपातचलनाचा आधार घेतला: वसंतसंपात अंदाजे 72 वर्षांत एक अंश सरकतो, तेव्हा जुन्या ग्रंथांतल्या नक्षत्रांच्या उल्लेखांवरून काळ मोजता येईल. संस्कृतच्या अभ्यासकांपैकी ब्यूलरने याकोबीची बाजू घेतली, टिबोने शंका काढल्या. एम.ए.ला हा वाद जरूर ठेवा. मात्र कृपा करून त्याचा अभिमानाचा तास करू नका. तो काळ आज बहुतेक अभ्यासक मान्य करत नाहीत. वर्गात वाचायचं ते हे, की संस्कृत ओळीतून खगोलशास्त्रीय आकडा काढताना कुठे ओळ ताणली जाते आणि कुठे आकडा. ते शिकवायला खगोल जाणणारा, संस्कृत जाणणारा आणि जर्मन जाणणारा असे तिघे लागतील. पुण्यात तिघेही एकाच रस्त्यावर सापडतात, पण एका वर्गात येत नाहीत.

अडचणी आहेत. जुनी छपाई फ्राकटूर टायपात. त्यातला लांबट 'एस' 'एफ'सारखा दिसतो आणि पहिली दोन पानं विद्यार्थी वैतागतात. मग डोळा सरावतो, आणि मोडी शिकणाऱ्यांना जितका वेळ लागतो त्याच्या पासंगालाही हे नाही. शुद्धलेखन 1901 आणि 1996 मध्ये बदललं, त्यामुळे जुनी रूपं आज चुकीची धरली जातात, हे सुरुवातीलाच सांगून टाकावं. बर्लिनच्या अकादमीच्या 'डॉइचेस टेक्स्टआर्काइव्ह'मध्ये अशी शेकडो पुस्तकं मूळ पान आणि वाचनीय अक्षर शेजारीशेजारी, फुकट मिळतात. तेव्हा 'साहित्य उपलब्ध नाही' हे कारण आता चालणार नाही.

खरी अडचण आपली आहे, शिक्षकांची. आपल्यातले बहुतेक जण दहावी-बारावीनंतर विज्ञानाकडे फिरकलेले नाहीत आणि विद्यार्थ्यासमोर 'मला हे माहीत नाही' म्हणायची आपल्याला सवय नाही. त्यावर उपाय महाविद्यालयाच्या आवारातच आहे: शेजारच्या इमारतीतला रसायनाचा प्राध्यापक. त्याला आठवड्याला एक तास वर्गात बोलवण्याची आणि त्या तासाचं श्रेय त्याच्या कार्यभारात धरण्याची तरतूद अभ्यासमंडळच करू शकतं. 2020 च्या शैक्षणिक धोरणात विद्याशाखांच्या सीमा सैल करण्याचा एवढा गजर आहे, तर तो एखाद्या वेळापत्रकात उतरलेलाही दिसू दे.

परीक्षेचं म्हणाल तर 'खालील उताऱ्याचे इंग्रजीत भाषांतर करा' हा प्रश्न या पेपरातून हद्दपार करा. त्याऐवजी एका उताऱ्यावर तीन प्रश्न पुरेत: इथे हे क्रियापदाचं रूप का आलं, इथे नेमका कोणता प्रयोग किंवा हिशेब झाला, आणि हे कोण कुणाला सांगतंय. खालच्या पातळीवर उत्तरं मराठीत लिहू द्यावीत. बेरियम मराठीत समजावून सांगता आलं तर ते समजलं असं मी तरी धरेन.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एवढी बाब घ्या, ही विनंती. पूर्ण पेपर एकदम नको असेल तर पहिल्या वर्षी चालू अभ्यासक्रमात दोनच उतारे घाला: हान-श्ट्रासमान यांच्या लेखाचा शेवटचा भाग आणि इरावती कर्वे यांच्या प्रबंधाचा निष्कर्ष. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.



आपली नम्र,
जर्मनची एक शिक्षिका, पुणे